फ्रिहिलियाना: काकवीचे गाव आणि हद्दपार झालेली माणसे

१/
दक्षिण स्पेनच्या मालागा प्रांतात, भूमध्य समुद्राच्या काठावरील नेर्हा या शहरापासून सुमारे सहा किलोमीटर आत, डोंगराच्या उतारावर फ्रिहिलियाना नावाचे गाव आहे. वस्ती जेमतेम तीन हजारांची. चुन्याने रंगवलेली शुभ्र घरे, पायऱ्यापायऱ्यांच्या गल्ल्या, दारोदारी फुलांच्या कुंड्या. स्पेनमधील देखण्या गावांत त्याची गणना होते आणि वर्षभर पर्यटकांची रीघ लागलेली असते. मात्र ज्या समाजाने या गल्ल्या प्रथम आखल्या, तो समाज सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात या डोंगरावरून पुसून टाकण्यात आला.

२/
माणसे गेली, पण त्यांचे पाण्याचे पाट राहिले, ऊस राहिला, घरांची ठेवण राहिली आणि विजेत्यांच्या जिभेवर त्यांचे शब्दही राहिले. ज्यांची भाषा, पोशाख आणि नावे बेकायदा ठरवली, त्यांच्या कौशल्यावाचून मात्र विजेत्यांचे पान हलेना. फ्रिहिलियानाचा वारसा म्हणजे या विसंगतीचा इतिहास होय. तो नीट समजण्यासाठी प्रथम या भूमीची ओळख करून घ्यावी लागेल.

३/
फ्रिहिलियाना ज्या डोंगराळ प्रदेशात मोडते, त्याचे नाव ‘आक्सार्किया’. हा शब्द मूळचा अरबी. ‘अल्-शर्किया’ म्हणजे पूर्वेकडील मुलूख. मालागा शहराच्या पूर्वेस असल्यामुळे हे नाव पडले. भारतीय इतिहासाच्या वाचकांना यातला ‘शर्क’ परका वाटू नये. जौनपूरच्या शर्की सुलतानांचे बिरुदही याच ‘शर्क’वरून, म्हणजे पूर्व दिशेवरून आले आहे. एकच अरबी शब्द पंधराव्या शतकात गंगेच्या खोऱ्यातही नांदत होता आणि आंदालुसियाच्या डोंगरातही.

४/
इ.स. ७११ मध्ये अरब आणि बर्बर सैन्य जिब्राल्टरची सामुद्रधुनी ओलांडून आयबेरियात उतरले. पुढील शतकांत उत्तरेकडील ख्रिस्ती राज्ये हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेली. तेराव्या शतकाच्या मध्यानंतर ग्रानादाचे नसरी राज्य एवढीच मुस्लिम सत्ता द्वीपकल्पात उरली. फ्रिहिलियाना याच राज्यातील एक डोंगरी खेडे होते. वर लिझारचा छोटा किल्ला, त्याच्या पायथ्याशी वस्ती आणि खाली इगेरोन नदीची घळ, अशी त्याची रचना होती.

५/
या मुलखाचे सर्वांत मोठे धन होते पाणी. सिएर्रा आल्मिहारा पर्वतातून येणारे पाणी अरुंद पाटांनी उतारावर फिरवून शेताशेतात पोहोचवले जाई. अशा पाटाला स्पॅनिशमध्ये आजही ‘असेकिया’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘अस्-साकिया’वरून आला. पाट खणणे हे त्यातले अर्धेच काम. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी मिळावे, कुणाची पाळी केव्हा यावी, गाळ कुणी काढावा, याचे ठरलेले नियम हे खरे शास्त्र होते. खानदेशातील फड पद्धत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या व्यवस्थेचे मर्म लगेच उमगेल.

६/
पाटाच्या पाण्यावर या किनाऱ्याला ऊस आला. उसाचा रस आटवून दाणेदार साखर करण्याची कला भारतात विकसित झाली. तेथून ती इराणमार्गे अरबांकडे आणि अरबांबरोबर आयबेरियात पोहोचली. शब्दांनीही हीच वाट धरली. संस्कृत ‘शर्करा’, फारसी ‘शकर’, अरबी ‘अस्-सुक्कर’ आणि शेवटी स्पॅनिश ‘असूकार’. मराठीतील ‘साखर’ याच शर्करेची लेक. ‘नारंग’ या फळाचा प्रवासही तसाच. फारसी ‘नारंग’, अरबी ‘नारंज’ आणि स्पॅनिश ‘नारांहा’. फ्रिहिलियानाच्या शेतकऱ्याच्या तोंडी असलेल्या शब्दांत भारत असा दुरून डोकावतो.

७/
गावाची ठेवणही त्याच काळातील. जुन्या भागाला आजही ‘मोरिस्को-मुदेहार वस्ती’ असे म्हणतात. घरे एकमेकांना खेटून, उतारावर एकावर एक चढवल्यासारखी. गल्ल्या अरुंद, त्यामुळे भर उन्हाळ्यातही सावली टिकते. काही गल्ल्या पुढे जातच नाहीत; एखाद्या दारापाशी संपतात. बाहेरून आलेल्या स्वाराला अशा गल्लीत घोडा वळवणे कठीण, आणि आतील कुटुंबाला मात्र पूर्ण निवांतपणा. आज पर्यटक ज्याला सौंदर्य म्हणतात, त्यामागे हवामान, घरगुती जीवन आणि संरक्षण यांचा विचार होता.

८/
इ.स. १४८७ मध्ये आरागॉनचा फर्नांदो आणि कास्तिलची इसाबेल यांच्या सैन्याने वेलेस-मालागा जिंकले. त्याबरोबर आसपासची डोंगरी खेडी त्यांच्या ताब्यात गेली. २ जानेवारी १४९२ रोजी खुद्द ग्रानादानेही दरवाजे उघडले. ग्रानादाच्या शरणागतीच्या तहात मुस्लिम प्रजेला तिचा धर्म, मशिदी, न्यायपद्धती, भाषा आणि चालीरीती यांबाबत स्पष्ट अभय दिलेले होते. हे अभय दहा वर्षेही टिकले नाही. याच वर्षी स्पेनमधील ज्यूंना मात्र धर्मांतर किंवा देशत्याग यांतून एकाची निवड करावी लागली.

९/
ग्रानादाचा पहिला आर्चबिशप एर्नांदो दे तालावेरा समजुतीच्या मार्गाचा होता. आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी, लोकांशी त्यांच्या भाषेत बोलावे, असे त्याचे धोरण. इ.स. १४९९ मध्ये कार्डिनल सिस्नेरोस ग्रानादात आला आणि चित्र पालटले. घाऊक बाप्तिस्मे झाले, अरबी ग्रंथांची होळी झाली, त्यातून उठाव झाला. उठाव हा तहाचा भंग ठरवून सत्तेने आपली वचने मोडीत काढली. इ.स. १५०२ पर्यंत कास्तिलच्या राज्यातील सर्व मुस्लिम कागदोपत्री ख्रिस्ती झाले होते. या नवख्रिस्ती समाजाला ‘मोरिस्को’ हे नाव मिळाले.

१०/
धर्म बदलला तरी संशय संपला नाही. इ.स. १५२६ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात मोरिस्कोंची भाषा, पोशाख आणि रिवाज यांवर बंदीचा हुकूम निघाला. मोरिस्कोंनी मोठी रक्कम मोजून त्याची अंमलबजावणी सुमारे चाळीस वर्षे पुढे ढकलून घेतली. पुढे दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत, १ जानेवारी १५६७ रोजी, ती बंदी अधिक कडक रूपात जाहीर झाली. तीन वर्षांत अरबी बोलणे, लिहिणे बंद, पारंपरिक वस्त्रे बंद, स्नानगृहे बंद, लग्नातली गाणी, नाच बंद, मोरिस्को नावेही बंद.

११/
या हुकुमाविरुद्ध फ्रान्सिस्को नुन्येस मुलेय या वृद्ध मोरिस्को सरदाराने निवेदन सादर केले. तरुणपणी तो आर्चबिशप तालावेराच्या पदरी होता. त्याचा युक्तिवाद आजही वाचण्याजोगा आहे. पोशाख हा धर्माचा नसून प्रांताचा असतो. कास्तिलमध्येही प्रांतोप्रांती वेष बदलतोच. स्नानगृहे स्वच्छतेसाठी असतात. नावे गेली तर वंशावळी जातील. आणि अरबी भाषेने कुणी मुस्लिम ठरत असेल, तर जेरुसलेम आणि माल्टा येथील अरबी बोलणाऱ्या ख्रिस्तींचे काय? निवेदनाचा उपयोग झाला नाही.

१२/
इ.स. १५६८ च्या नाताळात आल्पुहारा पर्वतात बंडाचा भडका उडाला. बंडखोरांनी एर्नांदो दे व्हालोर या तरुणाला राजा म्हणून निवडले. त्याने ‘आबेन उमेया’ हे नाव धारण केले. या युद्धात दोन्ही बाजूंनी क्रौर्य झाले. बंडखोरांनी गावोगावचे पाद्री आणि ख्रिस्ती रहिवासी ठार केले. राजाच्या सैन्याने गावे लुटली, लोकांना गुलाम म्हणून विकले. इ.स. १५६९ च्या वसंतात ही ठिणगी आक्सार्कियात पोहोचली.

१३/
आसपासच्या खेड्यांतील मोरिस्कोंनी घरे सोडली आणि फ्रिहिलियानाच्या वरच्या अवघड कड्याचा आश्रय घेतला. इतिहासात ही जागा ‘फ्रिहिलियानाचा कडा’ म्हणून ओळखली जाते. लढणारे पुरुष होतेच, पण त्यांच्यासोबत बायका, मुले आणि वृद्ध असे हजारो लोक होते. २८ मे १५६९ रोजी मालागाचा प्रशासक आरेवालो दे सुआसो याने स्थानिक सैन्यानिशी चढाई केली. वरून दगड आणि शिळांचा वर्षाव झाला. सुआसोला माघार घ्यावी लागली.

१४/
तेव्हा हे काम लुईस दे रेकेसेन्स याच्याकडे आले. तो राजाच्या आरमारातील वरिष्ठ सेनानी. त्याच्या गलबतांवर इटलीहून आणलेले कसलेले सैनिक होते. ११ जून १५६९ रोजी अनेक बाजूंनी एकाच वेळी चढाई झाली. लढाई निकराची झाली. हल्लेखोरांचेही शेकडो लोक पडले. अखेर कडा पडला. तत्कालीन इतिवृत्तांनुसार सुमारे २,००० मोरिस्को मारले गेले आणि जवळपास ३,००० पकडले गेले; पकडलेल्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. शत्रूच्या हाती लागण्यापेक्षा काही स्त्रियांनी कड्यावरून उडी घेतली, असेही या वर्णनांत येते.

१५/
कड्याचा हा रक्तपात म्हणजे शेवट नव्हता. इ.स. १५७० च्या नोव्हेंबरपासून ग्रानादाच्या राज्यातील मोरिस्कोंना, मग ते बंडात सामील असोत वा नसोत, कास्तिलच्या अंतर्भागात पायी हलवण्यात आले. युद्धकाळातील सर्व हद्दपाऱ्या मिळून ही संख्या सुमारे ८०,००० भरते. ऐन हिवाळ्यातील या वाटचालीत थंडी, भूक आणि साथीचे रोग यांनी अनेकांचा बळी घेतला. फ्रिहिलियानाचा लिझार किल्लाही जमीनदोस्त झाला. आज गावाच्या माथ्यावर त्याचे तुरळक अवशेष तेवढे दिसतात.

१६/
ओस पडलेल्या गावांत उत्तरेकडून आणि इतर प्रांतांतून ख्रिस्ती कुटुंबे आणून वसवण्याची मोठी सरकारी मोहीम सुरू झाली. गालिसिया, आस्तुरियास, लेओन अशा पावसाळी मुलखांतून आलेल्या अनेकांना डोंगरउताराची पाटपाण्याची शेती नवी होती. कोणता पाट कुठून येतो, शेताची हद्द कोठे संपते, हे सांगायलाही कुणी हवे होते. म्हणून ग्रानादाच्या गावांतून काही जाणकार मोरिस्को मुद्दाम मागे ठेवण्यात आले. त्यांनी नवागतांना त्यांचीच जमीन दाखवायची होती. ती जमीन काल-परवापर्यंत या मोरिस्कोंच्याच समाजाची होती.

१७/
चाळीस वर्षांनी हीच गोष्ट राजाज्ञेत उघडपणे लिहिली गेली. २२ सप्टेंबर १६०९ रोजी व्हॅलेन्सियात मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम जाहीर झाला. त्यात एक अपवाद होता. दर शंभर कुटुंबांमागे सहा कुटुंबांना राहता येईल. कशासाठी? घरे, साखरेचे कारखाने, भाताचे पीक आणि पाण्याचे पाट सांभाळण्यासाठी, तसेच नव्या रहिवाशांना माहिती देण्यासाठी. इ.स. १६१४ पर्यंत स्पेनभरातून सुमारे तीन लाख मोरिस्को बाहेर काढले गेले. माणूस नकोसा होता. त्याचा हात मात्र हवा होता.

१८/
फ्रिहिलियानात याची साक्ष देणारी इमारत गावाच्या वेशीवरच उभी आहे: ‘एल इनहेनियो’. स्पॅनिशमध्ये ‘इनहेनियो’ म्हणजे साखरेचा कारखाना. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गावाचे जहागीरदार मान्रिके दे लारा घराण्याने हा भक्कम वाडा बांधला; पुढे त्याचे रूपांतर ऊस गाळण्याच्या कारखान्यात झाले. भिंतींवर रंगीत भौमितिक नक्षीच्या खुणा दिसतात. अरबांनी रुजवलेला ऊस आता ख्रिस्ती सरदाराच्या वाड्यात गाळला जाऊ लागला. सतराव्या शतकात हे घराणे फ्रिहिलियानाचे काउंट झाले.

१९/
ऊस येथे थांबला नाही. पंधराव्या शतकातच तो मादेइरा आणि कॅनरी बेटांवर गेला होता. इ.स. १४९३ मध्ये, कोलंबसच्या दुसऱ्या सफरीत, तो कॅरिबियन बेटांवर पोहोचला. तेथे त्याच्याभोवती आफ्रिकन गुलामांच्या श्रमावर उभी राहिलेली क्रूर मळेशाही वाढली. अमेरिकेतील स्वस्त साखरेपुढे आंदालुसियाच्या किनाऱ्यावरील कारखाने अनेकदा मोडकळीस आले, पुन्हा उभे राहिले. अखेर ग्रानादा प्रांतातील सालोब्रेन्याचा कारखाना इ.स. २००६ मध्ये बंद पडला आणि या किनाऱ्यावरील हजार वर्षांच्या साखरउद्योगावर पडदा पडला.

२०/
एल इनहेनियोत मात्र अजूनही कढया तापतात. येथे साखर होत नाही. ‘मिएल दे कान्या’ होते. शब्दशः अर्थ उसाचा मध. उसाचा रस आटवून केलेला हा गडद, दाट पाक म्हणजे कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर मिळणारी आपली काकवीच. युरोपच्या मुख्य भूमीवर काकवी करणारा हा एकमेव उरलेला कारखाना म्हणून ओळखला जातो. मालागा भागात तळलेल्या वांग्याच्या कापांवर ही काकवी ओतून खातात. वांगी आणि ऊस, दोन्ही अरबांनी आयबेरियात रुजवलेली पिके. उपाहारगृहातील त्या एका ताटलीत हद्दपार झालेल्या समाजाची शेती आजही वाढली जाते.

२१/
एल इनहेनियोपासून वर चढत गेले की गावाचा पुढचा इतिहास टप्प्याटप्प्याने भेटतो. वाटेत इ.स. १७६७ चे ‘रेआलेस पोसितोस’ म्हणजे धान्याचे सरकारी कोठार. त्याच्या विटांच्या कमानी आजही ओळखू येतात. सतराव्या शतकातील ‘कासा देल आपेरो’ या वास्तूत आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. इ.स. १६७६ चे संत आंतोनियोचे चर्च गावाच्या चौकात उभे आहे. त्यापुढे सतराव्या शतकातील जुने कारंजे; त्यावर जहागीरदार घराण्याचे कुलचिन्ह कोरलेले आहे. पाणी डोंगराचे, शिक्का मात्र जहागीरदाराचा.

२२/
त्यापलीकडे जुनी मोरिस्को वस्ती सुरू होते आणि तेथे भिंतीभिंतींवर रंगीत चिनीमातीचे बारा फलक लावलेले दिसतात. त्यांवर इ.स. १५६९ च्या बंडाची आणि कड्यावरील लढाईची कथा क्रमाने सांगितली आहे. अनेक गावे आपल्या विजयाची स्मारके उभारतात. येथे पुढे येऊन वसलेल्यांच्या वंशजांनी, आपल्या आधी राहणाऱ्यांच्या पराभवाची कथा आपल्याच घरांच्या भिंतींवर लावून घेतली. घाईत असलेला पर्यटक फुलांच्या कुंड्यांची छायाचित्रे घेऊन पुढे जातो. खरा इतिहास त्या कुंड्यांशेजारीच असतो.

२३/
ही कथा वाचताना साधनांची जात ध्यानात घ्यावी. लढाईची प्रमुख वर्णने विजेत्यांच्या बाजूच्या लेखकांची आहेत. लुईस देल मार्मोल कार्वाहाल मूळचा ग्रानादाचा. त्याने उत्तर आफ्रिकेत अनेक वर्षे कैद भोगली होती आणि त्याला अरबी येत होती. या युद्धात तो राजाच्या सैन्याबरोबर होता. त्याचा ग्रंथ इ.स. १६०० मध्ये प्रसिद्ध झाला. दिएगो उर्तादो दे मेंदोसा हाही ग्रानादाचाच, मुत्सद्दी आणि साहित्यिक. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, इ.स. १६२७ मध्ये छापला गेला. शत्रूबद्दल लिहितानाही आपल्या बाजूच्या लोभावर आणि चुकांवर या दोघांनी बोट ठेवले आहे, हे विशेष.

२४/
दर ऑगस्टच्या अखेरीस फ्रिहिलियानात ‘तीन संस्कृतींचा उत्सव’ भरतो: ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू. संगीत, खाद्यपदार्थ, बाजार यांनी गल्ल्या गजबजतात. कल्पना सुंदर आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. तीन संस्कृती येथे सदैव गुण्यागोविंदाने नांदल्या, असा समज करून घेतला तर १४९२, १५६९ आणि १६०९ ही वर्षे गाळावी लागतात. उलट, केवळ वैराचाच इतिहास सांगितला तर पाट, ऊस, नारिंगे आणि शेकडो सामायिक शब्द यांचा उलगडा होत नाही. सहजीवनही खरे होते आणि त्याचा नाशही खरा होता.

२५/
वारसा म्हणजे केवळ जुन्या भिंती नव्हेत. कुणी काय निर्माण केले, ते कुणाकडून हिसकावले गेले आणि तरीही काय टिकले, याचा तो हिशेब असतो. दुसऱ्या फिलिपच्या फर्मानाने अरबी भाषा बंद केली. तरी ज्या पाटाने त्याच्या नव्या प्रजेची शेते भिजत होती, त्याला ती प्रजा ‘असेकिया’ म्हणत राहिली आणि त्या पाण्यावर पिकणाऱ्या गोडव्याला ‘असूकार’. नुन्येस मुलेयचे निवेदन दरबारात हरले. फ्रिहिलियानाच्या शेतात, स्वयंपाकघरात आणि रोजच्या बोलण्यात मात्र त्याचे म्हणणे आजही खरे ठरत आहे.